मनकर्णाबाईनं भरलेला फारम

हिंगणीच्या मनकर्णाबाईकडून भाजी घेतली आणि घरचं गुपित घरातच राहिलं, असं सेलूच्या बाजारात सहसा घडत नसे. वांगी निवडता निवडता बाई तुमच्या घरातलं निम्मं काढून घेई, आणि शेंगा तोलून पिशवीत पडेपर्यंत उरलेलं निम्मं. पोस्टाच्या भिंतीला टेकून, कडुलिंबाच्या सावलीत तिची बसायची जागा ठरलेली. कोणत्या मास्तरची बदली झाली, हे त्याच्या बायकोच्या आधी तिथं कळे. कोणाची सून माहेरी का जाऊन बसणार आहे, हे तर खुद्द सुनेच्याही आधी.

बाई स्वतः शाळेची पायरी चढलेली नव्हती. सहीच्या जागी अंगठा. पण प्रश्न विचारावा कसा, आणि उत्तर येईपर्यंत गिऱ्हाइकाला उन्हात उभं ठेवावं कसं, हे एखाद्या वकिलानं तिच्याकडे येऊन शिकावं. तिचं हत्यार एकच, सांबार. वर्ध्याकडे कोथिंबिरीला सांबार म्हणतात. भाजी घेतली की वरून मूठभर सांबार फुकट टाकायचा, हा बाजाराचा रिवाज. आषाढात सांबार सडतो, मिळत नाही, भाव खातो. तेव्हा बाकीच्या बाया सरळ नाही म्हणत. मनकर्णाबाई नाही म्हणत नसे. ती मूठ भरून हातात धरायची, पिशवीच्या तोंडाशी आणायची आणि तिथंच थांबवायची. आधी उत्तर, मग सांबार. त्या हिरव्या मुठीकडे पाहत भले भले खरं बोलून गेले.

नवरा पुंडलिकराव अगदी उलट. दोघांच्या वाटचं बाईनंच बोलून टाकल्यामुळे त्यांच्याकडे फारसे शब्द उरले नाहीत, असं गावात म्हणत. पण वांग्या-मिरचीचं रोप तयार करण्यात त्यांचा हात धरणारा बोर धरणाच्या पाण्यावर दुसरा कोणी नव्हता. दहा गावांचे लोक त्यांच्याकडून रोप नेत. ते रोपाच्या गादीवाफ्याशी बोलतात, आणि बायकोशी बोलतात त्यापेक्षा जास्त बोलतात, असंही ऐकिवात होतं.

त्यांची पोरगी नलू. बापासारखी अबोल आणि आईसारखी हट्टी. म्हणजे दोघांकडचं जे नको तेच नेमकं उचललेलं. एकाहत्तर साली ती सेलूच्या हायस्कुलातून आठवी पास झाली. तेव्हा मॅट्रिक अकरावीला असे आणि नववीत विषय घ्यावे लागत. एक तुकडी गणित-विज्ञानाची, एक गृहशास्त्राची. एकदा रजिस्टरात नाव चढलं की मॅट्रिकपर्यंत तेच. पोरं इकडे, पोरी तिकडे, असा शिरस्ता पडून गेला होता. शाळेचे बाबू ताराचंद पोरीचं नाव ऐकलं की विषयाच्या रकान्यात 'गृहशास्त्र' लिहूनच मान वर करत. त्यांना तरी काय म्हणावं? आजवर एकाही पोरीनं त्यांचा टाक थांबवला नव्हता.

नलूनं थांबवला.

"थांबा बाबूजी," ती म्हणाली. "मले विज्ञान पाह्यजे."

ताराचंदांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. पोरगी तीच होती. "कोरा फारम घेऊन जा. बापाची सही आन. येत्या दुसऱ्या बाजाराच्या दिवशी शेवटची तारीख आहे. त्यानंतर देवबी आला तरी घेत नाई."

विज्ञानाचं वेड तिला लागलं होतं ते आठवीच्या शेवटी. मास्तरांनी सगळ्यांना ओळीनं उभं करून सूक्ष्मदर्शकातून भेंडीच्या पानाचा तुकडा दाखवला. बाकीच्यांनी डोळा लावला न लावला, 'दिसलं, दिसलं' म्हणत पळाले. नलूचा डोळा काही निघेना. मास्तरांना तिला दंडाला धरून बाजूला करावं लागलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भेंडी तोडताना तिनं आईला सांगितलं.

"आई, भेंडी तोडताना हाताले खाज सुटते नं, थे काऊन सुटते मले मालूम झालं. पानावर काचेसारखे बारीक काटे आहेत. जंगलच आहे थे."

"मंग त्या जंगलात तुले काय भेटनार आहे?"

"थेच तं पाह्यचं आहे. मले विज्ञान घेऊन दे."

पोरीनं जत्रेत बांगड्या मागाव्या तसं तिनं विज्ञान मागितलं.

अडचण घरात होती. तळेगावच्या अण्णाजींनी आपल्या पोरासाठी नलूला मागणी घातली होती. माणूस सज्जन, जमीन बरी. घाई नाही म्हणाले, पोरगी मॅट्रिक होऊ द्या म्हणाले. एकच अट: पोरीला शिवणकाम आलं पाहिजे. पुंडलिकरावांच्या दृष्टीनं विषय तिथंच संपला. "गृहशास्त्रात शिवन शिकवते," ते म्हणाले, आणि त्या दिवसापुरते त्यांचे शब्द संपले.

मनकर्णाबाईनं दोघांपैकी कोणाचीच बाजू घेतली नाही. खरी गोष्ट अशी की विज्ञान काय आणि गृहशास्त्र काय, यातलं तिला ओ की ठो कळत नव्हतं. आणि जे आपल्याला कळत नाही त्यावर बोलायचं नाही, ही बाईची एक चांगली सवय होती. (जे कळत होतं त्यावर मात्र ती पोटभर बोलून घेई.) तिनं ठरवलं, जे शिकले त्यांनाच विचारायचं. हातात दोन बाजार होते.

पहिल्या बाजाराला पहिलं गिऱ्हाईक भिंतीपलीकडचंच सापडलं, पोस्टमास्तर नानाजी. वांगी तोलून झाली. सांबाराची मूठ पिशवीच्या तोंडाशी येऊन थांबली.

"नानाजी, शाळेत काय काय शिकलते जी तुमी?"

"लय शिकलो. बीजगणित, भूमिती, संस्कृत, इतिहास..."

"अन् त्यातलं आज कामी काय येते?"

नानाजींनी इकडे पाहिलं, तिकडे पाहिलं, मग मुठीकडे पाहिलं. "खरं सांगू का? काईच नाई. गॅदरिंगले राजाचं काम केलतं म्या. थो आवाज तेवढा कामी येते. मनिऑर्डरीचं नाव पुकारलं तं बाजाराच्या त्या टोकाले जाते."

"मंग राजाचं काम विषय म्हणून घेता येते का?"

"नाई नं बाई. थे शाळेच्या हिशेबात शिकणं नसते."

सांबार पडला. पाठोपाठ आला दवाखान्यातला कंपाउंडर ओमप्रकाश. अख्खा बाजार त्याला डॉक्टरसाहेब म्हणे आणि त्यानं ते कधी दुरुस्त केलं नव्हतं. त्यानं प्रश्न ऐकताच छाती काढली. "सायन्सच घ्या बाई. सायन्सशिवाय दुनियेत काय आहे?"

"तुमी घेतलतं?"

"मंग काय!"

"अन् पास झालते?"

शेजारी चवळी निवडणाऱ्या दोन बायांचे हात थांबले. ओमप्रकाश खाकरला. मूठ हलेना.

"दोनदा नापास झालो," तो हळूच म्हणाला. "मंग इतिहास-भूगोल घेऊन निघालो कसा तरी. पुरं करता आलं असतं तं आज मी गोळ्या बांधत बसलो नसतो, गोळ्या लिहून देल्ल्या असत्या."

त्याला मनकर्णाबाईनं दोन मुठी सांबार दिला. एक रिवाजाचा, एक चारचौघांत खरं बोलल्याचा.

दिवसभरात आणखी पाच-सहा जण त्या मुठीपुढे उभे राहिले. एसटीचा कंडक्टर म्हणाला, वर्ध्याला राष्ट्रभाषेच्या परीक्षा दिल्या, ती हिंदी रोज तोंडात असते. कोणी अक्षर सांगितलं, कोणी कबड्डीतला दम सांगितला. बाईनं मनातल्या मनात ढीग लावले, जसे ती कवळ्या आणि जून भेंडीचे लावी. शाळेत जे आवडीनं केलं ते पोरांच्या अंगात उरलं. जे रडत केलं ते विसरून गेलं. घरी गेल्यावर तिनं नलूला फर्मावलं, "विषय कोनताबी घे, पण हिंदीच्या परीक्षेले बसजो अन् गॅदरिंगले उभी राह्यजो. थे काई कोनी फारमात लिहून घेत नाई, तं बापाची सहीबी लागत नाई."

पण हे सगळं नंतर. त्या दिवशीचं शेवटचं गिऱ्हाईक होतं प्रमिलाबाई. नलूच्याच शाळेत गृहशास्त्र शिकवायच्या. पंचक्रोशीतल्या पोरींना भाजी कशी निवडावी हे त्या फळ्यावर लिहून देत, आणि बाजारात दर वेळी कडू दोडकेच नेमके उचलत. मनकर्णाबाई गुपचूप ते बदलून देई आणि ही गोष्ट तिनं कुणाला सांगितली नव्हती. तिनं न सांगितलेल्या गोष्टी बोटावर मोजण्याइतक्या. त्यातली ही एक.

"मॅडम, तुमी तं गृहशास्त्राच्याच. सांगा, माह्या पोरीनं काय घ्यावं?"

प्रमिलाबाईंनी मुठीकडे पाहिलंसुद्धा नाही. "नलू माझ्या वर्गात आली तर मला आनंदच आहे," त्या म्हणाल्या. "घराचं शास्त्र काही कमी नाही. पण मनकर्णाबाई, विज्ञान घेतलेली मुलगी मॅट्रिकनंतर माझ्याकडे वळू शकते. नर्स होईल, मास्तरीण होईल, नाहीतर घर करील. माझ्याकडे आलेली मुलगी नंतर विज्ञानाकडे वळू शकत नाही. दार बंद होतं."

"तुमाले कसं मालूम?"

"मी वाजवून पाहिलंय ते दार," प्रमिलाबाई म्हणाल्या, पिशवी उचलली आणि चालू लागल्या.

आपली जागा सोडून मनकर्णाबाई कधी उठत नसे. पावसात नाही, भांडणात नाही. त्या दिवशी उठली. बाजार ओलांडून मागे धावली आणि तिच्याकडे होता नव्हता तेवढा सांबार प्रमिलाबाईंच्या पिशवीत घालून आली.

दुसऱ्या दिवशी पुंडलिकराव वाफ्यात उकिडवे बसून मिरचीचं रोप उपटत होते. बाई बांधावर जाऊन बसली.

"अहो, मले मुळ्याचं रोप करून देता का जी?"

पुंडलिकराव मान वर न करता हसले. "येडी झाली का वं? मुळ्याचं कोनी रोप लावते? मुळा जथी पेरला तथीच. उपटून दुसरीकडे लावला तं फाटे फुटते, नाई तं सडते. रोप होते वांग्याचं, मिरचीचं. या वाफ्यातून त्या वावरात गेलं तं अजून जोर धरते."

"बरं. तं गृहशास्त्र म्हंजे मुळा आहे. अन् विज्ञान म्हंजे वांगं." प्रमिलाबाईंनी सांगितलं ते तिनं सगळं सांगितलं.

पुंडलिकरावांना ते समजलं. रोपातला माणूस, न समजायला काय झालं? हातातली जुडी त्यांनी दोनदा बांधली, दोनदा सोडली. मग म्हणाले, "पोरगी म्हंजे भाजी नाई. सासरच्यायले शिवन पाह्यजे. माहा शब्द गेला आहे." आणि घरी येऊन, चौथीपर्यंत शिकलेल्या त्या अक्षरात, गृहशास्त्र लिहून त्याखाली सही केली. बाईला वाचता येत नव्हतं, पण नलूचा चेहरा तिला वाचता येत होता.

आला दुसरा बाजार. फारम पुंडलिकरावांच्या बंडीच्या खिशात. रोपाच्या जुड्या घेऊन तेही त्या दिवशी बायकोशेजारी बसलेले. दुपारी शाळेत जायचं, फारम द्यायचा, नलूनं शाळेतच थांबायचं, असं ठरलेलं. आणि बाराच्या गाडीनं उतरले खुद्द अण्णाजी, तळेगावहून, होणाऱ्या व्याह्यांची ख्यालीखुशाली विचारायला.

चहा आला. मनकर्णाबाईनं अण्णाजींची पिशवी भरायला घेतली. वांगी, भेंडी, चवळी, बाजारातलं उत्तम ते. सगळं टाकून झाल्यावर सांबाराची मूठ भरली आणि पिशवीच्या तोंडाशी थांबवली. शेजारच्या बाया एकमेकींकडे बघू लागल्या. व्याह्याला थांबवायचं म्हणजे हद्द झाली!

"अण्णाजी, पोरगं काय शिकलं जी तुमचं?"

"शिकला नं. मॅट्रिकपर्यंत गेलता."

"पर्यंत म्हंजे? पास झाला?"

"दोनदा बसला. इंग्रजी राह्यली." अण्णाजी मनाचे साधे. खोटं बोलणं त्यांना जमत नसे, म्हणून घरचे त्यांना फार बोलू देत नसत, असं तळेगावचे लोक सांगत.

"मंग आता काय करून राह्यला?"

"सध्या तं घरीच आहे. वावरात मन नाई लागत त्याचं. म्हणून मशीन घेऊन देल्ली त्याले, शिवनाची. चौकात दुकान टाकून देनार आहो."

"अरे वा! म्हंजे टेलरिंग शिकलं पोरगं?"

"छे! त्याले टाकाबी नाई घालता येत," अण्णाजी कौतुकानं हसले. "म्हणूनच तं म्हटलं, पोरीले शिकवा. थे कपडे शिवन, हा दुकानात बसन. बोलाले लय गोड आहे पोरगं."

पुंडलिकरावांच्या हातातली बशी तोंडापर्यंत गेली आणि तिथंच राहिली. अवघ्या बाजाराला वाटलं, आता बाईचं तोंड सुटणार. दोन पावलं पुढे सरकून उभे राहिले लोक. पण मनकर्णाबाईनं सांबार पिशवीत सोडला, "खरं बोलले जी तुमी," एवढंच म्हणाली आणि गप्प झाली. बाईच्या आयुष्यातलं सगळ्यात मोठं बोलणं कोणतं असं कोणी विचारलं, तर ते हे, न बोललेलं. नवऱ्याला तिनं कोपरानंही ढोसलं नाही. शेंगा निवडत बसली.

बशी खाली आली. पुंडलिकराव उठले.

"अण्णाजी," ते म्हणाले, "मी दहा गावाले रोप देतो. पण वावर पाहून देतो. राग नका येऊ देऊ."

अण्णाजींना वाईट वाटलं. चारच्या गाडीपर्यंत थांबायचं सोडून ते अडीचच्याच गाडीत जाऊन बसले. भाजीची पिशवी मात्र सोबत नेली, हेही सांगायला पाहिजे.

शाळेत ताराचंद रजिस्टर बंद करायच्या बेतात होते. त्यांनी फारम पाहिला. "यावर तं गृहशास्त्र लिहून सही आहे. खोडाखोड चालत नाई. दुसरा कोरा फारम उरला नाई. संपलं." आणि खरंच त्यांनी टेबलाचा खण उघडून रिकामा दाखवला. नलू दाराच्या चौकटीला धरून उभी होती. पुंडलिकरावांनी तोंड उघडलं, पण आयत्या वेळी शब्द सापडेना. वापरायची सवय नव्हती.

"ताराचंदबाबू," मनकर्णाबाई म्हणाली, "तुमच्या गृहशास्त्राच्या मॅडमकडे त्यायच्या वर्गासाठी नेलेले कोरे फारम असन नं काई?"

ताराचंद काही म्हणायच्या आत नलू धावत सुटली. प्रमिलाबाईंकडे दोन कोरे उरले होते. त्यांनी एक दिला, आणि नुसता दिला नाही, मागोमाग येऊन ताराचंदांच्या टेबलाशी उभ्या राहिल्या. त्यांच्यासमोर पुंडलिकरावांनी विज्ञान लिहिलं. 'ज्ञ' काढताना जरा घाम आला. सही केली.

"आता इथी माहाबी अंगठा घ्या," मनकर्णाबाई म्हणाली.

"त्याची गरज नसते बाई. बापाची सही पुरते."

"तुमाले नसन गरज."

ताराचंदांनी निमूट शाईची डबी पुढे केली.

यापुढचं सगळं सुरळीत झालं असं कोणाला वाटेल, तर तसं काही नाही. सहामाहीत नलूला गणितात शंभरापैकी अकरा मिळाले. चाळीस पोरांत एकटी पोरगी. दाराजवळच्या बाकावर बसायची आणि समजलं नाही तरी हात वर करायची नाही. अकरा मार्कांची बातमी तिच्या आधी हिंगणीत पोचली. चवीनं चघळली गेली. मनकर्णाबाईनं इतकी वर्षं लोकांच्या घरच्या गोष्टी वाटल्या होत्या. लोकांनी व्याजासकट परत केल्या. बाई त्याही भाजीसारख्या निवडून, जून टाकून देऊन बसली. मग नानाजींकडे गेली. "तुमचं बीजगणित कामी नाई येत म्हणत होते नं? आता येऊ द्या." रोज टपाल बंद झाल्यावर नानाजी पोस्टाच्या ओट्यावर नलूला गणित शिकवू लागले, त्याच राजाच्या आवाजात. महिन्याभरात चहावाल्यालाही समीकरणं पाठ झाली.

चौऱ्याहत्तर साली नलू पहिल्याच दमात मॅट्रिक झाली, दुसऱ्या श्रेणीत. नागपूरला जाऊन रक्त-लघवी तपासण्याचं शिक्षण घेतलं आणि वर्ध्याजवळच्या एका इस्पितळात सूक्ष्मदर्शकाला डोळा लावून बसली. या वेळी दंडाला धरून बाजूला करणारं कोणी नव्हतं. तिच्या मागोमाग गावातलीच पंचफुला त्या तुकडीत गेली, मग आणखी चौघी. विज्ञानाच्या वर्गात पोरींचा एक अख्खा बाक झाला. ताराचंदही विचारून लिहू लागले. दर आषाढात आयाबाया पोरांना घेऊन कडुलिंबाखाली येत. बाई, काय घ्यावं सांगा. मनकर्णाबाई कोणालाही विषय सांगत नसे. "मले त्यातलं काय समजते? ज्यानं शिकून पाह्यलं त्याले विचारा. अन् खरं बोलेपर्यंत सोडू नका."

ब्याऐंशी साली पुंडलिकरावांना ताप आला आणि उतरेना. तेव्हा ते नलूच्या इस्पितळात गेले. नलूनं बापाच्या बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला, कापूस लावला. तापाचं निदान झालं, गोळ्यांनी ताप गेला, पण कापूस काही बोटावरून निघेना. तीन दिवस ते बोट उभं धरून पुंडलिकराव गावभर फिरत होते. आणि त्या बोटासोबत त्यांचे आयुष्यभर साठवलेले शब्दही बाहेर पडले. चहाच्या टपरीवर पंधरा माणसांत सांगत होते:

"लोक म्हणे पोरीले शिवन शिकवा. मी म्हटलं नाई! विज्ञानच घेईन माही पोरगी. मले पह्यलेच समजलं होतं, हे वांग्याचं रोप आहे, मुळा नाई."

टपरीत तानबा बसला होता. शेजारचाच शेतकरी, एकाहत्तरच्या त्या बाजारात दोन पावलं पुढे सरकून ऐकणाऱ्यांतला. त्याला राहवेना. समोरच्या ओट्यावर मनकर्णाबाई मेथी निवडत बसली होती, तिला त्यानं मुद्दाम मोठ्यानं विचारलं, "हो का वं वयनी? असंच झालतं का?"

सगळ्या टपरीनं माना वळवल्या. पुंडलिकरावांचं बोट हळूहळू खाली यायला लागलं. चाळीस वर्षांत बाईनं कोणाचं वाटाण्याएवढं खोटं सोडलं नव्हतं.

मनकर्णाबाईनं एकदा नवऱ्याकडे पाहिलं.

"हो नं भाऊजी," ती म्हणाली. "फारमावर सही यांचीच आहे. जाऊन पाहून या." आणि तिनं मेथीची दुसरी जुडी सोडली.